पोटाला भीती वाटते तेव्हा

मुंबईच्या लोकलमध्ये संडास नसतो. रोज प्रवास करणाऱ्या बहुतेकांना ही गोष्ट आयुष्यभर जाणवत नाही. मला मात्र एकेकाळी सकाळी डोळे उघडले की आधी हीच आठवायची. घर बदलापूरला, ऑफिस दादरला, जलद गाडीने सव्वा तासाच्या आसपास. निघण्याआधी तीनदा जाऊन आलो तरी डोंबिवली सुटली की पोटात पहिला मुरडा यायचा आणि ठाणं येईपर्यंत कपाळावर घाम. ठाण्याला उतरायचं, पळायचं, मग हुश्श करत पुढची गाडी धरायची. लेटमार्क ठरलेला. रविवारी तेच पोट, तेच पोहे, तोच चहा, आणि दिवसभर काही म्हणजे काही नाही.

ऑफिसात यावर दोन पक्ष होते. एक म्हणायचा, "पोटबीट काही नाही रे, सगळं मनाचं आहे तुझ्या." दुसरा म्हणायचा, "बाहेरचं खाणं बंद कर, आपोआप थांबेल." मी कधी या पक्षात, कधी त्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, शेवटी कोलोनोस्कोपीही झाली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. त्याचा आनंद पुढच्या सोमवारी ठाण्यापर्यंतच टिकला. मग एका डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं: आयबीएस. आतड्याची घडण ठीक, वागणूक बिघडलेली. "पोटाचं की मनाचं, हा प्रश्नच सोडा," ते म्हणाले, "दोघांच्या मधल्या तारेचं आहे."

हा लेख त्या तारेविषयी आहे. ज्यांचे रिपोर्ट स्वच्छ येतात पण पोट शांत बसत नाही, त्यांच्यासाठी. आणि ज्यांचं मन खचलेलं आहे आणि ज्यांना मोबाइलवर कोणी ना कोणी 'आतडं सुधारा, मूड सुधारेल' असं रोज पाठवतं, त्यांच्यासाठीही.

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत चेतापेशींचं जाळं विणलेलं असतं. पेशींची संख्या १० कोटींहून अधिक धरतात. अमेरिकेतले संशोधक मायकेल गेर्शन यांनी १९९८ मध्ये या जाळ्यावर पुस्तक लिहून त्याला 'दुसरा मेंदू' म्हटलं. नाव गाजलं, पण थोडं फसवं आहे. हा मेंदू विचार करत नाही. अन्न पुढे ढकलणं, रस सोडणं, नको ते बाहेर काढणं ही कामं तो डोक्याला न विचारता उरकतो, एवढंच. डोक्याशी त्याचं बोलणं होतं ते बरंचसं व्हेगस नावाच्या चेतेतून. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटका. मेंदूच्या तळापासून निघून ही चेता हृदय, फुप्फुसं करत पोटापर्यंत भटकत येते. तिच्यातले साधारण ८० टक्के तंतू निरोप खालून वर नेतात. म्हणजे डोकं पोटाला हुकूम सोडतं त्याहून कितीतरी जास्त त्याच्या तक्रारी ऐकतं.

वरून खाली येणारे निरोप कमी असले तरी जोरकस असतात. माणूस घाबरला की ताणाची जी रसायनं सुटतात, त्यांनी जठर मंदावतं आणि मोठं आतडं मात्र घाईला येतं. परीक्षेच्या सकाळी घास खाली उतरत नाही आणि संडासला दोनदा जावं लागतं, ते यामुळेच. जठर रागाला कसं उत्तर देतं हे प्रत्यक्ष पाहायला मिळालं ते एका अपघातामुळे. १८२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जठराला बाहेर उघडणारं भोक कायम राहिलं. विल्यम बोमाँ या लष्करी डॉक्टरने त्यातून दोऱ्याला बांधून अन्नाचे तुकडे आत सोडले, बाहेर काढले, आणि १८३३ मध्ये सगळं छापलं. सेंट मार्टिन चिडला की पचन बिघडतं, ही बोमाँचीच एक नोंद. तो का चिडत असेल हे सांगायला नको.

मराठीला हे आधीपासून ठाऊक असावं. आपलं पित्त खवळतं, आतडं तुटतं, पोटात गोळा येतो. पण म्हण हा पुरावा नव्हे, आणि या विषयात पुराव्याशी जरा कडक राहिलेलं बरं, कारण बाजार फार मोठा आहे.

गाडी दोन्ही दिशांना धावते, याला चांगला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात लोकांच्या एका गटाचा १२ वर्षं पाठपुरावा केला गेला. सुरुवातीला ज्यांना चिंतेचा त्रास होता पण पोट ठीक होतं, त्यांच्यात पुढे पोटाची दुखणी जास्त निघाली. सुरुवातीला ज्यांचं पोट बिघडलेलं होतं पण मन ठीक होतं, त्यांच्यात पुढे चिंता आणि नैराश्य जास्त निघालं. म्हणजे 'सगळं मनाचं आहे' म्हणणाऱ्यांचा पक्ष निम्माच बरोबर. माझी सुरुवात तरी पोटाकडूनच झाली होती. एका लग्नातून गॅस्ट्रो घेऊन आलो, आठ दिवसांत बरा झालो, पण पोट पूर्वीसारखं झालं नाही. असं होतं. जंतुसंसर्गाने पोट बिघडलेल्या साधारण दहांतल्या एकाला पुढे आयबीएस मागे लागतो, आणि त्या काळात मनावर ताण असेल तर शक्यता वाढते.

अशा पोटाचा दोष बऱ्याचदा त्याच्या कानांचा असतो. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये आयबीएसच्या रुग्णांच्या आतड्यात छोटा फुगा फुगवून पाहिला. निरोगी माणसाला ज्याचं काही वाटत नव्हतं, तेवढ्या फुग्याने त्यांना कळ यायची. वायू तेवढाच, आवाज दसपट मोठा. आणि एकदा कळ आली की मन तिची वाट बघायला लागतं, वाट बघितली की ती लवकर येते. माझं डोंबिवली-ठाणे हे असं तयार झालं.

तर करायचं काय?

सगळ्यात आधी, मनाला दोष देण्यापूर्वी शरीराची खात्री. शौचातून रक्त पडत असेल, प्रयत्न न करता वजन उतरत असेल, झोपेतून उठवणारे जुलाब असतील, ताप किंवा रक्तक्षय असेल, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोटाची सवय बदलली असेल किंवा घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. आयबीएस माणसाला दिवसा छळतो, पण गाढ झोपेतून सहसा उठवत नाही. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

यातलं काही नसेल तरी दोन-तीन साध्या रक्ततपासण्या कराव्याच. थायरॉइड जास्त चालला की जुलाब आणि धडधड, कमी चालला की बद्धकोष्ठ आणि उदासी. बी-१२ कमी पडलं की थकवा, विसरभोळेपणा, हातापायांना मुंग्या आणि पुष्कळदा खचलेलं मन. शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास दिसते. त्यात भर म्हणजे बी-१२ अन्नातून सुटायला जठरातलं आम्ल लागतं, आणि आपल्याकडे सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेणं हे वर्षानुवर्षांचं व्रत होऊन बसतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही बी-१२ उतरू शकतं. ॲसिडिटीची गोळी वर्षभर चालू असेल तर ती अजून लागते का, हे एकदा डॉक्टरांना विचाराच. गव्हाने त्रास होतो असा संशय असेल तर सिलिॲकची तपासणी करून घ्या, पण ती होईपर्यंत पोळी सोडू नका. गहू आधीच बंद केला तर तपासणी खोटंच नॉर्मल सांगते.

आता ताट. आतड्यातल्या जिवाणूंची संख्या आपल्या शरीरातल्या पेशींच्या जवळपास बरोबरीची आहे. २०१६ मध्ये नीट मोजदाद झाली तेव्हा 'दसपट जिवाणू' आणि 'दोन किलो जिवाणू' हे दोन्ही आकडे निकालात निघाले. सगळे मिळून वजन पावशेराच्या आत. आपल्याला जो चोथा पचत नाही, तो या मंडळींचं जेवण. तो खाऊन ते जी आम्लं तयार करतात, त्यांवर मोठ्या आतड्याचं अस्तर पोसलं जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते. १०० ग्रॅम ज्वारीत किंवा बाजरीत साधारण १० ते ११ ग्रॅम चोथा असतो, पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम तीन, मैद्यातही तेवढाच. दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, एक पालेभाजी, काकडी-गाजराची कोशिंबीर आणि एक पेरू, एवढ्यात निम्म्याहून जास्त पल्ला गाठला जातो.

याने मन सुधारतं का? ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटाने नैराश्य असलेल्या ६७ जणांवर प्रयोग केला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. निम्म्यांना १२ आठवडे आहारतज्ज्ञाची मदत दिली: पूर्ण धान्य, कडधान्यं, भाज्या, मासे, दाणे वाढवायचे, गोड, तळलेलं, पाकीटबंद कमी करायचं. उरलेल्यांना तेवढाच वेळ गप्पांची सोबत. शेवटी आहारगटातल्या ३२ टक्क्यांचं नैराश्य ओसरलं, दुसऱ्या गटातल्या ८ टक्क्यांचं. आकडे सुखावणारे आहेत, पण माणसं मोजकी होती, आपण कोणत्या गटात हे त्यांना ठाऊक होतं, आणि बहुतेकांचे औषध किंवा समुपदेशन असे उपचार चालूच होते. म्हणून माझं मत असं: आहार हा औषधाच्या जोडीला बसणारा चांगला शेजारी आहे, औषधाच्या जागी नव्हे. त्या यादीसाठी आपल्याला ऑलिव्ह तेल शोधत फिरायचीही गरज नाही. भाकरी, उसळ, माठाची भाजी, बांगडा किंवा तारली, मूठभर शेंगदाणे हे त्याच वळणाचं जेवण आहे, आणि स्वस्तही.

मात्र चोथा एकदम वाढवू नका. आठवड्याला एक पदार्थ, सोबत पाणी. पोट हळवं असेल तर गव्हाचा कोंडा त्रास वाढवू शकतो. इसबगोल पुष्कळांना मानवतं, तेही पेलाभर पाण्यात.

इथे एक पेच आहे, जो मला फार उशिरा कळला. जे पदार्थ जिवाणूंना प्रिय, तेच हळव्या पोटाला जड. कांदा, लसूण, गहू, राजमा, चवळी, दूध, आंबा, सफरचंद, फ्लॉवर यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. पुढे जाऊन त्या आंबतात आणि पाणी ओढतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने यावरून पथ्य बसवलं: असे पदार्थ दोन ते सहा आठवडे कमी करायचे आणि मग एकेक परत आणून पाहायचं. लोक पहिला भाग उत्साहाने करतात आणि दुसरा विसरतात. मग वर्षभर मऊ भात आणि दुधी खाऊन पोट आणि मन दोन्ही कृश. मी कांदा-लसूण सोडून चार महिने काढले. आई म्हणाली, "चातुर्मास वर्षभराचा केलास की काय!" पुढे आहारतज्ज्ञांच्या मदतीने एकेक पदार्थ परत आणला तेव्हा कळलं की माझं कांद्याशी काहीच वैर नव्हतं. वैर होतं सकाळच्या मोठ्या पेलाभर दुधाशी. तेच दूध विरजून दही केलं की चालायचं, कारण विरजणातले जिवाणू दुधातली काही साखर आधीच खाऊन टाकतात.

विरजणावरून आठवलं. आंबवलेल्या पदार्थांविषयी एक गोंधळ आहे. इडली, आंबोळी, गोव्यातले सान्ना हे आंबवलेले खरे, पण वाफेत किंवा तव्यावर त्यांच्यातले जिवाणू मरतात. पचायला हलके, चवीला सुंदर, पण जिवंत जिवाणू हवे असतील तर ताकच. ताक उकळून कढी केलीत की तो हिशेब संपला. आपलं तेला-मिठातलं कैरीचं लोणचंही यात फारसं बसत नाही. स्टॅनफर्डमध्ये २०२१ मध्ये ३६ जणांना दहा आठवडे दोन प्रकारचा आहार दिला. दही, केफिर, किमची असं आंबवलेलं भरपूर खाणाऱ्या गटात जिवाणूंची विविधता वाढली आणि दाहाच्या काही खुणा उतरल्या. घरचं ताजं ताक त्याच कुळातलं. जेवताना वाटीभर रोज घ्या. खोकला झाला म्हणून दोन दिवस सोडलंत तरी काही बिघडत नाही.

मग प्रोबायोटिकच्या बाटल्या आणि कॅप्सूल? आयर्लंडमधल्या कॉर्कच्या शास्त्रज्ञांचा २०११ चा उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध आहे. लॅक्टोबॅसिलसची एक जात खाऊ घातल्यावर उंदीर कमी भित्रे झाले, आणि व्हेगस कापल्यावर तो परिणाम नाहीसा झाला. तार आहे, याचा तो सुंदर पुरावा. पण २०१७ मध्ये तोच जिवाणू निरोगी तरुणांना दिला तेव्हा ताणावर काही फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आयबीएससाठी प्रोबायोटिक फक्त वैद्यकीय चाचण्यांपुरती वापरा, असंच सांगितलं. घ्यायचीच असेल तर एकच घ्या, चार आठवडे पाहा, फरक नसेल तर बंद करा. शौचाचा नमुना पाठवून 'तुमचे जिवाणू कसे आहेत' सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांवर मी पैसे घालणार नाही. उत्तर काहीही आलं तरी सल्ला भाजी खा हाच येतो.

अशीच एक अर्धी गोष्ट सेरोटोनिनची. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात तयार होतं हे खरं. ते मेंदूत जाऊन आनंद देतं हे खरं नाही, कारण रक्तातून मेंदूत शिरायची त्याला मुभाच नाही. आतड्यात त्याचं काम आतडं हलवण्याचं आणि निरोप धाडण्याचं. पण याच गोष्टीचा एक व्यवहारी उपयोग आहे. नैराश्याची काही औषधं सेरोटोनिनवर चालतात, म्हणून पहिले काही दिवस मळमळ होते, पोट ढिलं होतं. अनेक जण इथेच गोळ्या फेकून देतात. बहुतेकांचा हा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. जेवणानंतर गोळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, पण परस्पर बंद करू नका.

उलटही घडतं. पोटाच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर अमिट्रिप्टिलिन लिहिलं आणि घरी कोणी इंटरनेटवर पाहिलं की हे नैराश्याचं औषध, की लगेच वाईट वाटतं: डॉक्टर मला वेडा समजले का? तसं नाही. अगदी कमी मात्रेत ते त्या तारेतला आवाज खाली आणतं. इंग्लंडमध्ये २०२३ मध्ये ४६३ रुग्णांवरच्या चाचणीत त्याने आयबीएसचा त्रास कमी झाल्याचं दिसलं. हे औषध मात्र शेजाऱ्याचं पाहून घ्यायचं नाही.

औषधाशिवायच्या गोष्टींत श्वासाला मी पूर्वी हसायचो. पोटावर हात ठेवून चारच्या आकड्यात श्वास आत, सहाच्या आकड्यात बाहेर, दहा मिनिटं. मिनिटाला सहाच श्वास होतात. व्हेगसच्या मार्फत शरीराला शांत करण्याचा सगळ्यात फुकट मार्ग हाच. अट एवढीच की रोज घरी सराव हवा. मुरडा आल्यावर पहिल्यांदा करायला गेलात तर ते आग लागल्यावर विहीर खणण्यासारखं. सकाळी अर्धा तास आधी उठा, काहीतरी खा, मगच संडासला जा. खाल्ल्यावर मोठं आतडं आपणहून हलतं आणि सकाळी ती हालचाल सगळ्यात जोरात असते. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या. मोबाइल बाहेर ठेवा.

पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो समुपदेशकाचा, आणि तिथे पोटाविषयी बोलणं फारच कमी झालं. त्यांनी माझ्याकडून यादी करून घेतली: त्रास टाळण्यासाठी मी काय काय करतो. उपाशी निघतो. दाराशीच उभा राहतो. खिशात जुलाब थांबवायची गोळी असते. ठाण्याला उतरतोच, कळ असो वा नसो. "ठाण्याला न उतरता काय होतं, हे तुम्हाला माहीतच नाही," त्या म्हणाल्या. खरं होतं. दोन वर्षांत मी ते एकदाही तपासलं नव्हतं. मग एकेक टेकू काढायचा ठरलं. आधी रविवारी, गर्दी नसताना, घाटकोपरपर्यंत. मग कामाच्या दिवशी घाटकोपरपर्यंत. मग कुर्ला. प्रत्येक टप्पा कंटाळा येईपर्यंत, म्हणजे भीती आपणहून ओसरेपर्यंत. असा समुपदेशक गावात नसेल, किंवा मन इतकं खचलं असेल की काहीच सुरू करता येत नाही, तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे फोन उचलणारा माणूस मराठीतही बोलतो.

डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जाताना दोन आठवड्यांची वही न्या. काय खाल्लं, किती झोप झाली, दिवस कसा होता, पोट कसं होतं, रोज चार ओळी. माझ्या वहीत जुलाबाच्या दिवसांशी कांद्याचा काही संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो सोमवारच्या मीटिंगशी आणि आदल्या रात्रीच्या चार-पाच तासांच्या झोपेशी.

दादरपर्यंत न उतरता गेलो त्या दिवशी मुरडा आलाच होता, ठाण्याच्या थोडा आधी. दार जवळ नव्हतं, मधल्या गर्दीत उभा होतो. घाटकोपरला शेजारच्याने डब्यातलं काहीतरी पुढे केलं, मी घेतलं, पुढे क्रिकेटवर बोलणं सुरू झालं. दादरचा पूल चढून खाली उतरलो, फुलबाजार ओलांडला, ऑफिसच्या दारात पोचलो, आणि तिथे आठवलं की आज पोटाचं बघायचं राहूनच गेलं.